माणिक्यम्माचं इंग्रजी

गुंटूरच्या माणिक्यम्माला इंग्रजी कुणी शिकवलं माहितीये? टीव्हीवर भांडणाऱ्या माणसांनी!

तिचे यजमान सांबशिवराव रोज संध्याकाळी अमेरिकेच्या व्हिसावरची इंग्रजी चर्चा मोठ्यांदा लावून बसायचे. मुलगा फणींद्र तिकडे डलासला, मग दुसरं काय बघणार? टायवाली माणसं एकमेकांच्या अंगावर धावून जायची आणि ही खाली बसून गोंगुऱ्याची, म्हणजे अंबाडीची, पानं खुडत ऐकायची. आधी नुसता कलकलाट वाटायचा. मग तेच तेच शब्द कानावर येऊन ओळखीचे झाले, रोज दारावरून ओरडत जाणाऱ्या भाजीवाल्यासारखे.

"अहो, स्पॉन्सर म्हणजे काय हो?"

"तुला कशाला हव्यात नसत्या उचापती?" सांबशिवराव करवादायचे, आणि मग सांगायचेच. "जो म्हणतो ना, हा माणूस माझा आहे, याला इथं राहू द्या, तो."

हे सगळं शिकणं चालायचं फणींद्रच्या लेकीसाठी. सहस्राला तेलुगू येत नव्हतं आणि आजीला इंग्रजी. दर रविवारी दोघी फोनवर नुसत्या हसत बसायच्या. आता मात्र माणिक्यम्मा सांगायची, "ड्रिंक मिल्क, ऑर स्टोरी रिजेक्ट!" पोरगी खिदळायची, "नानम्मा, प्लीज, एक्स्टेंशन!" फणींद्रला वाटायचं, अम्मा दोनचार शब्द पोपटासारखे बोलते झालं. तिला काही समजत असेल असं त्याच्या डोक्यातही आलं नाही. त्यामुळे तो आणि सौजन्या, त्याची बायको, अम्मापासून काही लपवायचं असलं की बिनधास्त तिच्यासमोरच इंग्रजीत बोलायचे.

त्या रविवारी ती आवकाय, म्हणजे कैरीचं तिखट लोणचं, घालत होती. कैऱ्यांच्या फोडी पुसून चादरीवर पसरलेल्या, मोहरीची पूड परातीत, हात तिखटाने लालभडक. फोन तिने तेलाच्या डब्याला टेकवून ठेवला होता, पडद्यावर फणींद्र दिसत होता.

"कन्ना, यंदा तिखट बघ कसलं मिळालंय! तुझी बरणी मोठी भरते."

"यंदा नको पाठवू अम्मा."

तिचा हात परातीतच थांबला. अहो, गुंटूरचा पोरगा आणि आवकाय नको? तापातसुद्धा भाताबरोबर मागून खाणारा हा!

"का रे? पोट बिघडलंय?"

"तसं नाही गं. आम्ही बहुतेक घर बदलू. पत्ता नक्की नाही."

मागून सौजन्या इंग्रजीत हळूच काहीतरी म्हणाली. फणींद्र मान वळवून तिला इंग्रजीतच म्हणाला, "ले-ऑफचं अम्माला सांगू नकोस. ग्रेस पीरियड संपायच्या आत दुसरा स्पॉन्सर मिळाला तर बघू."

एक शब्द म्हणता एक शब्द तिच्यासाठी नवा नव्हता. संध्याकाळी टीव्हीतून ओरडणारे ते सगळे शब्द एकदम घरात घुसले होते.

 पोराची नोकरी गेली होती, दुसरी वेळेत मिळाली नाही तर तिथं राहताही येणार नव्हतं, आणि तो समोर बसून हसत होता! कळलं असं दाखवावं तर त्याचा चेहरा पडणार. गप्प बसावं तर तिकडे तो एकटाच हे ओझं वाहत बसणार. तिने पदराने डोळा पुसला, तर तिखटाचा हात लागला आणि डोळा जास्तच झोंबायला लागला.

"अम्मा, काय झालं गं?"

माणिक्यम्माने नाक ओढलं आणि एकेक शब्द जुळवत चक्क इंग्रजीत म्हणाली, "फणी, कम होम. हिअर, आय ॲम स्पॉन्सर."

 सौजन्याने तोंडावर हात ठेवला. फणींद्रने आधी हसायचा प्रयत्न केला, मग लहानपणी पतंग फाटल्यावर रडायचा ना, अगदी तसाच रडायला लागला.

"तुला कधीपासून समजतंय?"

"तू लपवायला लागलास त्याच्या आधीपासून. गाढवा!" ती तेलुगूत म्हणाली. "दुसरी नोकरी शोध, मी कुठं नको म्हणते? पण नाही मिळाली तर तोंड लपवून बसायचं नाही. खोली तुझीच आहे. सहस्राला मी तेलुगू शिकवेन."

"नान्नांना काय सांगू गं? ते तर गावभर माझ्या नोकरीचं कौतुक सांगत फिरतात..."

"सांग सरळ, बापच आहेत तुझे, ते कुठं व्हिसाचे मोठे अधिकारी लागून गेलेत!" तिने हाक मारली, "अहो, टीव्ही बंद करा आणि इकडे या. फणीला तुमच्याशी बोलायचंय."

सांबशिवराव चष्मा सावरत आले. तिने कोपरानेच फोन त्यांच्याकडे सरकवला.

"सांग त्यांना. आणि तेलुगूत सांग."

मग ती पुन्हा परातीकडे वळली आणि फणीच्या बरणीसाठी आणखी दोन ओंजळी फोडी तिच्यात टाकल्या.