नायिका जेवली तेव्हा

मी पुष्कळ बायका मारल्या, सगळ्या कागदावर. कुणाला विहिरीत ढकललं, कुणाला बाळंतपणात घालवलं. एकीला साप चावला, कारण तिसरा अंक काही केल्या संपत नव्हता.

सत्तरच्या दशकात मी लाखनीजवळच्या एका गावात मराठी शिकवायचो आणि धानाची कापणी आटोपली की गावोगाव भरणाऱ्या मंडईच्या जत्रेसाठी नाटकं लिहायचो. नाटक चाललं की पडलं, हे बायकांच्या पदरांवरून ठरे. पदर डोळ्याला लागले की मंडळाचे लोक माझी पाठ थोपटत. वाचनालयातल्या ज्या कादंबऱ्या मी वाचल्या होत्या, त्यांतही चांगली बाई शेवटच्या पानापर्यंत क्वचितच टिकायची. बाई मेल्याशिवाय साहित्य उंच होत नाही, असं माझं पक्कं मत झालं होतं.

माझ्या नायिका करणारा एक गडी होता. मरायचा फार सुंदर. पुढं तो जवाहरनगरच्या फॅक्टरीत लागला आणि पहिल्या पगाराबरोबर त्यानं मिशी ठेवली. मरणारं कुणी उरलं नाही. त्या वर्षी शाळेच्या स्नेहसंमेलनातलं नाटक माझ्याकडे होतं. मी धाकट्या बहिणीला उभं केलं. दहावीत होती. बाबा म्हणाले, "शाळेतलंच हाय, अन् मास्तर घरचा हाय. करू दे."

नाटक एका सुनेचं होतं. ती साऱ्या घराला वाढते, स्वतः उपाशी राहते, आणि शेवटी समोरचं भरलं ताट नवऱ्याकडे सरकवून प्राण सोडते. त्यागाची मूर्ती वगैरे मी भरपूर घातलं होतं. हे सगळं मी घरी पोटभर जेवून, ओसरीत लोडाला टेकून लिहिलं. त्याच वेळी आत चुलीपाशी माय आणि बहीण भांड्याच्या तळाचं खरवडून जेवत असत. तो आवाज मला ऐकू यायचा. त्याचा नाटकाशी संबंध आहे, असं मात्र कधी वाटलं नाही.

आमच्याकडे पुरुषांची पंगत आधी. तलावातला रोहू आला की पोटाचे तुकडे बाबांना आणि मला, शेपटी बहिणीला. शेपटीत मांस कमी, काटेच फार. कधी शेपटीही नसे, मग रस्सा आणि भात. अंडं तर ती वयात आल्यापासून बंदच झालं होतं. "पोरीच्या जातीले गरम नाही देत," माय म्हणायची. चांगला नवरा मिळावा म्हणून सोमवारचा उपास होता, तो वेगळा. तलावाच्या पाळीवर, म्हणजे उंच बांधावर, चढताना ती मध्येच बसायची. आम्ही तिला आळशी म्हणायचो.

तालीम सोमवारी दुपारी शाळेच्या व्हरांड्यात होती. मरण्याच्या प्रवेशात ती अशी काही कोसळली, की मी खुर्चीवरून उठलो.

"वा बाई! अशीच पड! उद्याही अशीच पड!"

पोरांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबल्या तरी ती उठेना. मग चपराशी पाणी घेऊन धावला आणि हेडमास्तरांच्या चहाच्या डब्यातून गुळाचा खडा आणला. तो चघळून तिनं डोळे उघडले.

"भाऊ, मी ॲक्टिंग नोती करून राहिली," ती म्हणाली. "मले भूक लागली होती."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी हसून म्हणालो, "भूमिकेत शिरली होती."

घरी मी काहीच सांगितलं नाही. बाबांना कळलं असतं तर त्यांनी नाटक बंद केलं असतं, आणि मला माझा तिसरा अंक हवा होता.

संमेलनाच्या दिवशी ताट खरं हवं, पुढच्या रांगेला वाफ दिसली पाहिजे, असा मी हट्ट धरला. मायनं भात, कोचईच्या, म्हणजे अळूच्या, पानांची वडी आणि रोहूचा रस्सा करून दिला. स्टेजवरच्या ताटात पोटाचे तुकडे होते. प्रेक्षकांना शेपटी कशी दाखवायची!

शेवटचा प्रवेश आला. सून झालेली माझी बहीण ताटापुढे बसली. आता ताट सरकवायचं, एक लांब वाक्य म्हणायचं आणि पडायचं. तिनं ताटाकडे पाहिलं आणि ते स्वतःकडे ओढलं. मग भातात रस्सा कालवला आणि पहिला घास घेतला.

मी पडद्याआडून प्रॉम्प्टिंग करत होतो. "मर!" मी कुजबुजलो. "अवं, मर ना!"

"थांब ना भाऊ," ती भरल्या तोंडानं म्हणाली, "काटे हायेत."

हे शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. नवरा झालेला पोरगा पाठांतराचा पक्का. ठरल्या जागी त्यानं कपाळावर हात मारला. "देवा रे, गेली! माझी लक्ष्मी गेली!" लक्ष्मी वडी खात होती. मांडव हसून हसून आडवा झाला. तेवढ्यात बायकांच्या बाजूनं एका म्हातारीचा आवाज आला, "खा माय, खा! आरामानं खा! कोनी काही म्हनत नाही तुले!"

हसणं थांबलं. मग बायकांचे पदर डोळ्यांना लागले. माझ्या कुठल्याही मेलेल्या नायिकेसाठी इतके लागले नव्हते. ती निवांत, पूर्ण जेवली, ताटात हात धुतला आणि पदराला पुसला. पडदा कधी पाडायचा हे चपराश्याला कळेना, म्हणून तिनंच त्याला हातानं खूण केली.

मी भडकलो होतो. पण आत गेल्यावर तिचा चेहरा असा काही तृप्त होता, की मी आल्या पावली बाहेर गेलो आणि चपराश्यावर ओरडत सुटलो. बाबा मात्र तणतणत घरी आले.

"सारं गाव मनते, पाटलानं पोरगी उपाशी ठेवली! उद्यापासून हे माह्या बाजूले जेवंल. माह्या डोयासमोर."

"पुरुषाच्या पंगतीत?" माय म्हणाली.

"मंग काय पुन्हा स्टेजवर जेवू देऊ तिले?"

सुधारणा आमच्या घरात अशी आली, अब्रूच्या भीतीनं. पण आली. अंडं आलं, सोमवार गेला. नर्सबाईंनी तिची पापणी खाली ओढून पाहिली आणि लोहाच्या गोळ्या दिल्या. "विळा चाटून राहिल्यासारखं लागते," असं म्हणत ती त्या गिळायची. आंब्यांना कैऱ्या लागेपर्यंत ती माझ्या पुढे पाळ चढू लागली आणि वरून मला आळशी म्हणू लागली.

खरा घोळ पुढं मी केला. ऐंशीच्या दशकात 'ते जेवणाचं नाटक' मंडईमंडईत मागितलं जाऊ लागलं. हँडबिलावर लेखक म्हणून मी होतो. शेवट कसा सुचला, असं कुणी विचारलं की मी शाल सावरून सांगायचो, बाईच्या मरणावर उभं राहिलेलं साहित्य मला मोडायचं होतं. तालमीतली ती बेशुद्धी तर मी माझ्या लेखणीची ताकद म्हणून खपवली. एकदा बहीण पहिल्याच रांगेत होती. मी बोलत असताना ती मुर्रा, म्हणजे चुरमुरे, खात होती.

म्हणून आता लिहून ठेवतो. तो शेवट माझा नव्हता, तिचा होता. आणि तालमीत ती भूमिकेत शिरली नव्हती. ती माझ्या घरात उपाशी होती.

हे छापायला देण्याआधी मी चिखल्याला तिच्याकडे गेलो. तिचा नवरा तिथल्या खाणीतून रिटायर झालेला. तिच्या घरी आधी कोण जेवतं ते कळत नाही. नाती, सुना, जावई सगळे एकदमच तुटून पडतात. तिनं कागद चष्म्याजवळ धरून वाचले. पुन्हा वाचले. मी घाबरलेलाच.

"येवढ्या वर्षांनी?" ती म्हणाली. "काहून?"

"चुकीचं राहून गेलं होतं."

"मंग बराबर लिव ना! पूर्ण जेवली मनून कायले लिवलं? पूर्ण नोती जेवली मी. मायनं रस्स्यात एक शेपटी टाकली होती, ते तुह्यासाठी वाटीत काढून ठेवली होती. तू आलाच नाही खायाले. बोंबलत फिरून राहिला होता."

तिनं नातीला हाक मारली. रोहूच आणला होता त्यांनी. पोटाचे तुकडे नातींच्या ताटांत गेले.

माझ्या ताटात शेपटी आली. काटे काढत बसलो, फार वेळ लागला.