आईची रोजची गोळी

डॉक्टरला प्रश्न विचारायची आमच्या बाबांची एक तऱ्हा होती. बियाणं घेताना दुकानदाराला सोलून काढतात, तशी. तेलुगू मुलखातल्या मावला गावात त्यांचा भाजीचा मळा. आईला थायरॉइड निघाला तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न टाकला तो पिकाचाच.

"विचार न त्याइले, पानकोबीनं त नाई झालं?"

डॉक्टर तेलुगू बोलणारे आणि बाबांची तेलुगू भावतावापुरती, म्हणून मधे मी. डॉक्टर हसले. शिजवून खुशाल खा, कोबीचा दोष नाही, म्हणाले. बाबांचा जीव भांड्यात पडला. मग सरबत्तीच सुरू झाली. गोळी उपाशीपोटीच काऊन? चहा किती वेळानं? सूज उतरन का? बाहेर रांग खोळंबलेली, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण ऐकलेलं सगळं त्यांनी काटेकोर पाळलं. सकाळी गोळी आणि पाणी तेच हातात देत. चहासाठी आई तळमळायची, त्यांना शिव्या घालायची, आणि हे पातेलं अडवून बसायचे.

काही महिन्यांत आईनं उभारी धरली. रिपोर्ट चांगला आला. बाबांनी गल्लीत पेढे वाटले.

मी उटनूरला शाळेत शिकवते. पुढचं मला तुटक तुटकच कळत गेलं. दुखणं हत्तीच्या पावलानं येतं म्हणतात. आईचं मुंगीच्या पावलानं आलं. मेथीच्या जुड्या बांधता बांधता ती मधेच थांबायची. आवाज घोगरा झाला. थंडी पडली तशी भर उन्हातही घोंगडी पांघरून बसू लागली. शेजारणी म्हणाल्या, वय झालं, आता अंग चोरते. त्यांचा मला अजून संताप येतो. बाई जरा बसली की आळशी, एवढं एकच निदान त्यांना येतं. फोनवर आई म्हणायची, "मी बरी हाय वं. यंदा थंडीच लय हाय."

त्याच थंडीत एका सकाळी ती हाका मारूनही उठेना. मी दवाखान्यात पोचले तेव्हा तिचं अंग गार होतं आणि श्वास अगदी संथ. डॉक्टरांनी आधी विचारलं, गोळी चालू आहे ना? मी बाबांकडे वळले.

"नाई," बाबा म्हणाले. "रिपोर्ट चांगला आला तवाच बंद केली. कीड गेल्यावर फवारा मारते का कोनी? जास्त झाला त झाडच जळते."

ज्या नियमानं जन्मभर मळा राखला, तोच त्यांनी आईलाही लावला होता. इतके प्रश्न विचारले, पण गोळी बंद कधी करायची हे विचारलं नाही, कारण ते त्यांना ठाऊकच होतं.

मी डॉक्टरांना सांगितलं. ते चिडले असते तर बरं झालं असतं. ते शांतपणे म्हणाले की रिपोर्ट चांगला होता तो गोळीमुळेच. ही गोळी आजार मारत नाही. शरीर जे बनवत नाही ते रोज भरून काढते, म्हणून हिच्यासारख्यांना ती जन्मभर लागते. आता इंजेक्शन देतोय, पण फार आशा ठेवू नका.

"का म्हनते डाक्टर?" बाबांनी विचारलं.

"प्रयत्न करून राह्यले," मी म्हटलं. उरलेलं माझ्या तोंडून निघेना. आई संध्याकाळी गेली.

त्यानंतर सांगायची वेळ पुष्कळदा आली. पण गोळी हातात देणारा तो माणूस डोळ्यांपुढे येतो आणि मी दुसराच विषय काढते. त्या सकाळी ऑटो यायला वेळ लागला होता म्हणे. बाबा अजून त्या ऑटोवाल्याला शिव्या घालतात. "तो लवकर आला असता त वाचली असती न थे?" म्हणून मला विचारतात.

मी हो म्हणते.