टबातली रवण

अंबरनाथच्या कारखान्यातले नीलसन साहेब महिन्याभरात कायमचा स्वीडनला निघाला होता, आणि त्याच्या आंघोळीच्या टबावर दोघांचा डोळा होता. हेडक्लार्क अण्णा पेंडशांनी तो आधीच मागून ठेवला होता. साहेबाच्या बंगल्यावरच्या स्वयंपाकीण चंद्रीला तो म्हशीच्या पाण्याला हवा होता. एवढा शिकलेला साहेब टबात आपल्याच मळात बसून राहतो, याचं तिला सात वर्षं हसू येत होतं.

तिने पाड्यावरून एक खुडूक कोंबडी आणली आणि टबात पेंढा घालून अंड्यांवर रवणीला बसवली. अण्णा बैलगाडी घेऊन आले, तशी चंद्री दारात आडवी आली.

"रवणीवरची कोंबडी उठवली तं पाप लागतंय, अण्णा. पिल्लं निघू द्या, मग न्या."

अण्णा चडफडत गेले. साहेब मुकाट्याने विहिरीवर तांब्याने आंघोळ करू लागला, वर शीळही घालू लागला. अण्णा पुन्हा आले की ओठांवर बोट ठेवून तोच त्यांना फाटकातून परतवायचा.

पिल्लं काही निघेनात. निघणार कुठून? खरी अंडी चंद्रीने केव्हाच बाजारात विकली होती. कोंबडी बिचारी चुना फासलेले नदीतले गोटे उबवत होती.

निघायच्या दिवशी साहेबाने टब चंद्रीला देऊन टाकला. तिने डोळ्यांना पदर लावला. मोटारीत बसता बसता त्याने कोटाच्या खिशातून एक पांढरा गोटा काढला.

"हे एक पहिल्याच दिवशी उचललं," तो मोडक्या मराठीत म्हणाला. "तिकडे उबवून बघतो."