उंटाच्या तोंडातलं सूत

स्वप्नांचे अर्थ सांगणाऱ्यांना मी नेहमी हसत आले. वडील शाळामास्तर... साप दिसला की मूल होतं, हत्ती दिसला की भरभराट, असलं काही घरात कुणी बोललं तर ते उठून बाहेर जायचे. मी त्यांचीच मुलगी. तरीही हे लिहितेय, कारण इतकी वर्षं झाली तरी मनातून जात नाही.

१९९६ साल असेल. आम्ही सुरतला गोडादऱ्यात पत्र्याच्या खोलीत राहायचो. आमचे हे उधन्याला कापडाच्या लूमवर कामाला. शेजारी मथुरामावशी, धुळ्याकडच्या. गल्लीतल्या बायका त्यांना स्वप्नं सांगायच्या. कुणाला माकड दिसलेलं, कुणाला गाय. मावशी प्रत्येकीला काहीतरी चांगलंच सांगून पाठवायच्या.

एका दुपारी जेवून जरा आडवी झाले आणि स्वप्न पडलं. आमच्या उंबऱ्यात उंट बसलाय. मान खोलीच्या आत. सावकाश चघळतोय, आणि तोंडातून ओलं पांढरं सूत लोंबतंय... ते ह्यांच्या कामाच्या शर्टापर्यंत गेलंय. बस, एवढंच. पण उठल्या उठल्या मी आधी दार लावून घेतलं.

संध्याकाळी नळावर मावशी भेटल्या. मी उगाच हसत म्हटलं, "मावशी, आज मला उंट दिसला."

त्यांनी हंडा खाली ठेवला. "तोंडमा सूत व्हतं का?"

मी सुताचं कुणालाच बोलले नव्हते.

"माले बी सकाये तेच दिसनं," त्या म्हणाल्या. मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, की आजवर सांगितलेले सगळे अर्थ त्यांच्या मनचे. समोरच्या बाईला बरं वाटावं म्हणून सांगायच्या. "पन हाई माले समजत नही, माय. सकाय तेले कामले धाडू नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हटून बसले. हे वैतागले. "उंटासाठी खाडा करू? शेठला काय सांगू?"

"पोट दुखतंय म्हणा."

शेवटी माझा चेहरा बघून राहिले. त्यांची मशिनं त्या दिवशी सुपडूभाऊंनी सांभाळली. सुपडूभाऊ म्हणजे ह्यांचे जोडीदार, मागच्या गल्लीत राहायचे. दुपारी निरोप आला. ह्यांच्याच मशिनवरचा, आडवं सूत नेणारा टोकदार धोटा उडून सुपडूभाऊंच्या डोळ्यावर बसला होता.

डोळा वाचला नाही.

हे दवाखान्यातून आले ते भिंतीकडे तोंड करून बसले. मी वाचवलं म्हणावं, की काय केलं म्हणावं... मलाच कळत नव्हतं.

आठवड्याने मी मावशींकडे पापड लाटत होते. सुपडूभाऊंची बायको कमल दारात आली. आत आली नाही. रडतही नव्हती.

"मावशी, मी तुम्हाला सोमवारीच सांगितलं होतं ना? उंटाचं? आमच्या दारात बसून सूत खात होता म्हणून? तुम्ही म्हणालात, लांबचा पाहुणा येईल, गोडधोड कर."

मावशींच्या हातातलं लाटणं थांबलं. माझं स्वप्न मंगळवारचं. मावशींचंही. नुसतं ऐकलेलं म्हणून मावशींना ते पडलं असेल, हे मी समजू शकते. पण मी तर कमलशी त्या आठवड्यात बोललेही नव्हते.

"मी चुकनू, माय," मावशी म्हणाल्या. कमल तशीच निघून गेली. त्यानंतर मावशींनी कुणाच्याही स्वप्नाचा अर्थ सांगितला नाही.

हे म्हणतात, तिघींनी रस्त्यात एखादी उंटगाडी बघितली असेल. असेल. सुताचं मात्र ते काही बोलत नाहीत.

मला छळतं ते वेगळंच. स्वप्न कमलला आधी पडलं, आम्हाला नंतर. तेव्हा तर ह्यांचा खाडा माझ्या मनातही नव्हता. मग तो उंट सोमवारीच तिच्या दारात का बसला होता? मी ह्यांना अडवणार, हे त्याला आधीच ठाऊक होतं का... आणि तिच्या स्वप्नात ते सूत कुठवर गेलं होतं, हे कमलला विचारायची माझी अजून हिंमत झालेली नाही.