भाज्यांची नावं घेत चालताना

आई जिन्यावरून घसरली आणि पुण्याच्या भावाने फोनवर फर्मान काढलं: एकतर तिची नीट तपासणी करून घे, नाहीतर लोधीपुऱ्याचं घर बंद करून मी तिला इकडे घेऊन येतो. म्हणे इकडे! तिथल्या फ्लॅटमध्ये ती दिवसभर कुणाशी बोलणार? मला असा राग आला! पण वाटलं, खरंच तिचं काही बिघडलं असलं तर?

दवाखान्यात तपासणाऱ्या बाईंनी आधी तिला नुसतं चालायला लावलं. झकास चालली. बाईंनी मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेले शब्दही आठवून सांगितले. मग बाई म्हणाल्या, "आजी, आता चालता चालता भाज्यांची नावं घ्या."

"वांगी," म्हणून आई थांबली. दोन पावलं टाकून "गिलकी," की पुन्हा थांबली. मेथीपाशी तर चांगलीच रेंगाळली. बाई मला हळूच म्हणाल्या, "बोलताना पाय थांबतात, हे मला बरं वाटत नाही. अशी माणसं पडतात."

भीती वाटली की मी चिडते, तशी खेकसलेच, "अगं आई, सारखी थांबतेस कशाला? चाल ना!"

"अशी कशी चालू?" तीही माझीच आई. "इतवाऱ्यात भाजी न बघता कधी पुढे गेलेय का मी? वांगी दाबून बघायला नकोत? मेथी जून निघाली तर?"

बाईंना हसू आवरेना. "आजी, बाजार राहू द्या. चालता चालता महिने उलटे सांगा."

"फाल्गुन, माघ, पौष..." आई निघाली ती भिंतीपाशी वळून, चैत्र म्हणत थेट खुर्चीशी आली. पाय कुठेच अडला नाही.

"एकट्या राहू द्या त्यांना खुशाल," बाई म्हणाल्या. "फक्त जिन्याला कठडा लावून घ्या."

हुश्श! मी तिथेच सगळ्यांसमोर रडले. भावाचं बोलणं मी आईला कळू दिलं नव्हतं, निदान मला तसं वाटत होतं.

बाहेर आल्यावर तिने पदराची गाठ सोडली आणि घराची किल्ली काढून पिशवीत टाकली.

"सकाळपासून बांधून ठेवली होती," ती म्हणाली. "म्हटलं, नापास झाले तर आजच तुझ्या हातात द्यावी लागेल."