धुण्याच्या खोलीची पायरी

अंडी, टोमॅटो, औषधाची बाटली, हातात काहीही आलं की व्हर्ना टिलयार्ड ते आधी कागदात गुंडाळायची आणि शेवटी मनगटाला झटका देऊन पीळ घालायची. तिचं तरुणपण सफरचंदं भरायच्या शेडमध्ये गेलं होतं. पेपर ती मागून वाचायची, निधनवार्तांपासून. चहा कोरा प्यायची, कारण घरातलं दूध मांजराचं. चर्चमध्ये गाताना ओठ हलवायची, आवाज काढायची नाही. न्हाणीतला आरसा खिळ्यावरून काढून पिशवीत घालायची आणि दफनभूमीत न्यायची. आरशातून उन्हाची तिरीप दगडावर पाडली की झिजलेली अक्षरं उठून दिसतात. दगड नेहमी खालून वर धुवायची. वरून धुतला तर चिखलाचे ओघळ खालच्या अक्षरांत बसतात. आणि बागेतून येताना मागच्या अंगणातल्या धुण्याच्या खोलीच्या पायरीवर दोन्ही बूट दाणदाण आपटायची. चिखल झडला की आत.

या शेवटच्या सवयीची आठवण तिला पुढे सहन होईना.

ब्रायनी तिच्या वडिलार्जित घरात मागच्या खोलीत भाड्याने राहायची. साहित्याची पदवी घेऊन ती बेकर्स रीचच्या वाचनालयात नोकरीला आली होती आणि ह्युऑन नदीकाठच्या त्या गावात तिशीच्या आतलं दुसरं कुणी तिला भेटलं नव्हतं. व्हर्ना पंचाहत्तरीच्या घरात होती. तिची नजर अधू झाली तेव्हा गाडी ब्रायनीच्या हातात आली. तिथून पुढे दोघींचे रविवार दफनभूमींत गेले.

व्हर्ना शोधत होती हॅनाला. हॅना तिच्या खापरपणजोबांची आई. हॅनाचा नवरा जोसाया टिलयार्ड स्वतःच्या मर्जीने, स्वतःच्या खर्चाने टास्मानियाला आलेला. त्याचा दगड चर्चच्या भिंतीला टेकून ताठ उभा होता, आणि टिलयार्ड मंडळी त्याच्याकडे बोट दाखवून पिढ्यान् पिढ्या सांगत आली होती की आम्ही मोकळे आलो, कैदी म्हणून नाही. व्हर्नाने लहानपणी जेवताना एकदा विचारलं होतं, त्याची बायको कुठे पुरली? आईने तिच्या ताटाकडे बोट दाखवून वाटाणे संपव म्हणून सांगितलं. वाटाणे तिने संपवले. प्रश्न राहिला.

उत्तराचा अर्धा भाग होबार्टच्या दफ्तरखान्यात सहज मिळाला. हॅना इंग्लंडमधल्या सफोकची. चादरी चोरल्या म्हणून सात वर्षांची शिक्षा होऊन आलेली. आता त्यात लाजण्यासारखं काही उरलं नव्हतं. हल्ली लोक आपली कैदी पणजी छाती फुगवून सांगतात. व्हर्नाला कागद नको होता. दगड हवा होता. हॅना चर्चच्या आवारात पुरली होती, तिला दगड होता, आणि तो आता जागेवर नव्हता.

कधी गेला तेही सगळ्यांना माहीत होतं. एकोणीसशे चौपन्न साली इंग्लंडची राणी येणार होती. गावावरून तिचा ताफा जाणार असं कुणीतरी उठवलं आणि चर्चच्या मंडळींना आवार नीटनेटकं करायची हुक्की आली. दगड उपटले गेले. बरे दिसणारे भिंतीला लावले. बाकीचे ज्यांचे त्यांनी न्यावेत, नाहीतर खडी होईल, असं सांगण्यात आलं. गवत कापलं, भिंत रंगवली. राणी दुसऱ्याच रस्त्याने गेली.

तेव्हापासून त्या गावात कोण कशावर चालतंय याचा नेम नव्हता. व्हर्नाने धक्क्याखालचा राडारोडा पाहिला, शेतांची फाटकं पाहिली, लोकांच्या परसातल्या फरश्या उलथायला लावल्या. तिचा थोरला भाऊ लिंडसे दर मंगळवारी तिच्याकडे चहाला यायचा. स्कोन खायचा, जॅम जास्त लावायचा, आणि काय मिळालं ते विचारायचा. काही नाही म्हटलं की मान हलवायचा. रस्त्यात गेला असेल गं, म्हणायचा. चर्चच्या समितीवर तो कित्येक वर्षं होता, म्हणून व्हर्ना त्याचं म्हणणं मानायची. पण थांबायची नाही.

या शोधापायी तिने एक मैत्रीण घालवली. डॉरीन कॅनेल तिची शेडमधली जोडीदार, एकाच टेबलाशी समोरासमोर उभं राहून दोघींनी हजारो पेट्या भरलेल्या. कॅनेलांच्या डुकरांच्या गोठ्याला दगडी फरशी होती. समितीच्या सभेत, सगळ्यांदेखत, व्हर्ना उठून म्हणाली की माझी हॅना कॅनेलांच्या डुकरांखाली आहे अशी मला शंका आहे. डॉरीनने दुसऱ्याच दिवशी गोठा धुऊन काढला, फरशी उचकटली, व्हर्नाला बोलावून दाखवली. साधा दगड होता. त्यानंतर डॉरीन तिच्याशी बोलली नाही. त्या सभेला लिंडसे अध्यक्षांच्या शेजारी बसला होता. तो आपल्या नखांकडे बघत होता, हे ब्रायनीला नंतर आठवलं. तेव्हा तिला वाटलं होतं, बिचाऱ्याला बहिणीपायी शरमिंदं व्हावं लागतंय.

मग समितीने ठरवलं की ईस्टरला आवारात पाटी लावायची: बेकर्स रीचची पहिली घराणी. त्यात जोसाया टिलयार्ड होता. ब्रायनी घरी सहज बोलून गेली की पहिली कशी, त्याआधी इथं माणसं नव्हती का, त्यांना हाकलूनच तर ही शेतं झाली. व्हर्ना दोन दिवस तिच्याशी धड बोलली नाही. पुढच्या सभेत उठून तिने तोच प्रश्न विचारला, आणि वर जोडलं की बायकाही नाहीत पाटीवर, तुमचे हे जोसाया काय झाडाला लागले होते? समितीने दोन्ही मुद्दे लिहून घेतले आणि चहा मागवला.

गाडीत बसल्यावर व्हर्ना म्हणाली, "ईस्टरच्या आत मला ती नवऱ्याच्या शेजारी उभी दिसली पाहिजे. पाटी गेली खड्ड्यात."

दगड सापडला तो मार्चमध्ये, सोमवारी, उन्हं कलताना. बटाटे काढून झाले होते. व्हर्नाने पायरीवर बूट आपटले आणि चिखल फार झाला म्हणून नळीने पाणी मारलं. ब्रायनी दोरीवरचे कपडे काढत होती. नळी सुरूच राहिली म्हणून तिने वळून पाहिलं. व्हर्ना पायरीकडे बघत उभी होती, पाणी तिच्या बुटांवरून वाहत होतं.

ओल्या दगडावर कलतं ऊन पडलं होतं. छिन्नीचे तिरके चरे दिसत होते, एकसारखे, डावीकडून उजवीकडे, आणि एका कडेला मधेच उलट्या दिशेला वळलेले. ज्याने कबरीच्या दगडांच्या फक्त पुढच्या बाजू पाहिल्या असतील त्याला त्यात काही दिसलं नसतं. व्हर्ना आणि ब्रायनी जोसायाच्या दगडामागे, भिंतीच्या फटीत, आरसा धरून कितीदा वाकल्या होत्या. त्याची पाठ अशीच होती. त्या वळणासकट. एकाच पाथरवटाने घडवलेली जोडी.

व्हर्नाने नळी बंद केली. बूट काढले. मोज्यांनी ओल्या गवतात उतरली.

"सत्तर वर्षं," ती म्हणाली. "हिच्या पाठीवर बूट आपटतेय मी."

मंगळवारी सकाळी दोघींनी पहारीने पायरी उचलली. बोटभर उचलायची, खाली फळी सारायची, पुन्हा बोटभर. शेवटी दगड सफरचंदाच्या दोन पेट्यांना टेकून तिरका उभा राहिला. पुढचा भाग घट्ट चिकणमातीने लिंपलेला. अक्षर एक दिसत नव्हतं, पण वरचा गोल माथा आणि दोन खांदे लपत नव्हते.

चहाच्या वेळेला लिंडसे फाटकातून आत आला. अंगणाच्या मध्यावर थबकला. पायरीच्या जागी खड्डा, बाजूला उभा दगड, मातीने बरबटलेल्या दोन बायका.

हे काय, असं त्याने विचारलं नाही.

ब्रायनीला ते कळायला क्षण लागला. व्हर्नाला लागला नाही.

"तुला ठाऊक होतं," ती म्हणाली.

तो टोपी काढून उलटसुलट करत राहिला. मग बोलला. बाबांनी तो रात्रीचा नव्हे, भरदिवसा आणला होता, पोत्यात झाकून, ट्रकमधून. लिंडसे तेव्हा शाळकरी. ट्रकमध्ये मागे बसून पोतं धरायचं काम त्याचं. दगडावर जे लिहिलं होतं ते कुणी वाचू नये म्हणून बाबा तो फोडणार होते. घण उचलला, आणि खाली ठेवला. आपल्याच घराण्यातल्या आजीचा दगड आहे, म्हणाले. मग पालथा घातला आणि आईला सांगितलं, तुला पायरी हवी होती ना, घे.

"आणि तू?"

"बाबांनी शपथ घातली होती, व्हर्न."

"बाबा जाऊन तीस वर्षं झाली."

"लोक काय म्हणाले असते? बापाने आजीची पायरी केली म्हणून?"

"मी डॉरीनच्या डुकरांत शिरले, लिन. भर सभेत. तू तिथं बसला होतास. दर मंगळवारी माझ्या हातचं खाऊन मला विचारत होतास, काही मिळालं का."

तो म्हणाला की ईस्टर होऊन जाऊ दे, पाटी लागू दे, मग गुपचूप नेऊन लावू. फार तर तो स्वतः गेल्यावर. आता त्याची किती वर्षं उरली होती?

व्हर्ना ओरडली नाही. स्वयंपाकघरात गेली, स्कोनची ताटली घेऊन बाहेर आली आणि कोंबड्यांना घातली, एकेक करून, जॅमसकट, तो बघत असताना. "तुझा मंगळवार संपला," ती म्हणाली. "फाटक लावून घे जाताना."

बुधवारी ती ब्रायनीला घेऊन डॉरीनच्या दारात गेली. डॉरीनने जाळीचं दार उघडलं नाही. जाळीआडून म्हणाली, "काय गं, यंदा कोंबड्यांचं खुराडं बघायचंय का?"

"माझ्याच दारात होती," व्हर्ना म्हणाली. "बाबांनी पुरली. लिनला माहीत होतं. तुझ्याबद्दल नको ते बोलले मी. चुकलं माझं."

डॉरीनने जाळीची कडी काढली. मग तिने दार उघडलं. आत ये म्हणाली नाही. "शनिवारी पोराला ट्रॅक्टर घेऊन पाठवते. तुझ्या भावाच्या भरवशावर राहिलीस तर तुझीही पायरी होईल." परतताना गाडीत व्हर्ना हसली, त्या आठवड्यात पहिल्यांदा आणि एकदाच.

शनिवारच्या आत दगड धुऊन व्हायला हवा होता. ब्रायनी म्हणाली, तारेचा ब्रश घेऊ, तासाभरात होईल. व्हर्नाने तिच्याकडे असं पाहिलं की तिने पुन्हा तो शब्द काढला नाही. वाळूचा दगड, मऊ. व्हर्ना रबराच्या चटईवर गुडघे टेकून बसली आणि खालून सुरुवात केली. पाणी, ब्रश, बांबूची काडी, पाणी. आधी शेवटची ओळ आली: तिच्या मुलांनी उभारला. मग तिच्या वरची: कुणापुढे मान झुकवली नाही. मग: नऊ लेकरं वाढवली. गुरुवारी संध्याकाळी मधली ओळ निघाली, इतरांपेक्षा मोठ्या अक्षरांत, खोल कोरलेली: बेड्यांत आली.

व्हर्ना मागे टेकून बसली. "बघ. तिच्या मुलांना लाज नव्हती. पैसे मोजून मोठ्या अक्षरांत कोरून घेतलंय त्यांनी. ही लाज मागाहून आणली यांनी, आणि मला वाटाणे संपव म्हणाले."

शुक्रवारी ब्रायनी कामावर जायला निघाली तेव्हा ती पुन्हा दगडापाशी होती. ‘जोसाया टिलयार्ड याची पत्नी’ या ओळीपर्यंत ती पोचली होती. आता फक्त नाव राहिलं, म्हणाली, ते जेवण झाल्यावर. ब्रायनी दुपारी परतली तेव्हा ती स्वयंपाकघरात खुर्चीत होती, डोकं भिंतीला टेकलेलं, समोर कोरा चहा. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. या वयात होतं, म्हणाले. ब्रायनी त्यांच्याकडे बघत राहिली. वय तर तिला आठवडाभरापूर्वीही होतंच.

शनिवारी सकाळी लिंडसे आला. डोळे सुजलेले. त्याने आधी खड्डा पाहिला, मग दगड. म्हणाला की अंत्यविधीला घरी माणसं येतील, तोवर पायरी जागेवर ठेवू या, कुणी खड्ड्यात पडेल. हळू आवाजात बोलत होता, जणू व्हर्ना आत झोपली आहे. ब्रायनीला त्या घरात बोलायचा काही हक्क नव्हता, ती भाडेकरू. ती दगडासमोर जाऊन उभी राहिली.

"हात लावून बघा," ती म्हणाली.

त्याने लावला नाही. रस्त्यावर ट्रॅक्टरचा आवाज आला. डॉरीन स्वतः पोराशेजारी बसून आली होती, चर्चचा कोट घालून. लिंडसेकडे न बघता ती दगडापाशी आली, चष्मा लावून खालून वर वाचत गेली आणि थांबली.

माथ्यावरची माती तशीच होती, वाळून तडकलेली. तिच्या खालच्या कडेला नावाच्या अक्षरांची जेमतेम बुडं उघडी पडली होती. काडी तिथेच टोचलेली होती. बादलीत ब्रश तरंगत होता.