बाबांची खाऱ्या पाण्याची टाकी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. भावाला नाही, मैत्रिणींना नाही — बाबांना तर नाहीच. आज तुम्हाला का सांगतेय, ते मलाही नीट कळत नाहीये.

बाबा छापखान्यातून निवृत्त झाले आणि पाठोपाठ आई गेली. बोरीवलीच्या घरात आम्ही दोघंच उरलो. ते नुसते खिडकीशी बसून असायचे. मग कुठूनसं डोक्यात घेतलं — समुद्रातले मासे पाळायचे, प्रवाळासकट. हा पैसेवाल्यांचा नाद आहे, असं मी म्हटलं. त्यांनी ऐकलं नाही. मुलुंडहून कुणाची तरी जुनी काचेची टाकी रिक्षातून मांडीवर घेऊन आले. पाणी फिरतं ठेवायला पंप लावला, गार ठेवायला जुन्या कॉम्प्युटरचा पंखा बसवला. बादलीत मीठ घालून ढवळत बसायचे. मग कित्येक आठवडे टाकीत नुसते दगड. शेजारच्या काकू विचारायच्या, "मासे कधी येणार हो?"

"आधी पाणी तयार होऊ दे," बाबा म्हणायचे.

शेवटी दोन मासे आले — केशरी, पांढऱ्या पट्ट्यांचे. नखाएवढं प्रवाळ आलं आणि हळूहळू उमलायला लागलं. बाबाही बोलायला लागले. पाण्याची वाफ होते पण मीठ आतच राहतं, म्हणून भर घालायची ती साध्या पाण्याची — हे त्यांनी मला कितीदा समजावलं असेल. मी मोबाइलमधून मान वर न काढता हं हं करायचे.

ते थोडं विसरायचेही. चष्मा, किल्ली. मी चिडवायचे — बाबा, तुमची वाट लागली आता. ते हसायचे. हे आधी सांगायला हवं होतं का? हो. कारण पुढचं त्यावरच उभं आहे.

मे महिना होता. माझी ऑफिसची मीटिंग घरून चालली होती आणि पंपाची घरघर आवाजात येत होती. बाबा खाली भाजी आणायला गेले होते. मी बटण बंद केलं. पंप आणि पंखा, दोन्ही त्याच बटणावर. मीटिंग संपली तशी बॅग उचलली आणि मैत्रिणीच्या लग्नाला नाशिकला निघाले. टाकीतला दिवा वेगळ्या बटणावर, तो चालूच होता. बाबांना ऐकू कमी यायचं. त्यांना शांतता कळणार कशी?

दुसऱ्या दिवशी परतले तर ते टाकीसमोर स्टुलावर बसले होते. मासे तळाशी पडलेले. पाणी गढूळ, वास सुटलेला.

"बटण बंद होतं गं," ते म्हणाले. "मी केलं का?"

मला आठवलं. त्याच क्षणी, सगळं. आणि मी म्हणाले — "तुम्हीच केलं असेल, बाबा. विसरला असाल."

इतकंच. कुणी धाक घातला नव्हता. ते ओरडले असते का? कधीच नाही. तरीही मी म्हणाले.

मासे त्यांनी कुंडीत पुरले. टाकी भंगारवाल्याला दिली. मग स्वतःहून म्हणाले, डॉक्टरकडे जाऊया. डॉक्टरांनी सगळं तपासलं आणि सांगितलं, वयाच्या मानाने स्मरणशक्ती उत्तम आहे. बाबांनी मान हलवली. "माझ्या हातून जीव गेलेत, डॉक्टर. हिने पाहिलंय." डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं.

त्यानंतर ते गॅस पेटवेनासे झाले. सकाळचा चहा आयुष्यभर तेच करायचे, तोही सोडला. बँकेचं कार्ड माझ्या हातात दिलं. भाऊ त्याच्या मुलीला आमच्याकडे ठेवून जाणार होता, तर बाबांनीच त्याला सांगितलं, "नको रे, माझा भरवसा नाही." ती फार लहान होती, बाबांची लाडकी. मी तिथेच उभी होते. तेव्हाही सांगता आलं असतं — तेव्हा तर नक्कीच. कार्ड मी पर्समध्ये ठेवलं. चहा मी करायला लागले. लोक म्हणायचे, मुलगी किती करते बापाचं, आणि मी ते ऐकून घ्यायचे.

मागच्या वर्षी बाबा गेले. डोकं शेवटपर्यंत लख्ख होतं — पण डॉक्टर आणि मी सोडून हे कुणालाच पटलं नाही, त्यांनासुद्धा. जायच्या आदल्या दिवशी मला म्हणाले, "माझ्यामुळे तू अडकून पडलीस."

मी त्यांच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं.